हिरड्यांच्या आजाराने झिजलेले हाड: शस्त्रक्रियेविना केलेल्या उपचारांचा परिणाम किती वर्षे टिकतो?

एक्स-रेमध्ये हाडाची झीज दिसल्यावर डॉक्टरांनी आपल्याला 'डीप क्लीनिंग' (हिरडीखाली दातांच्या मुळांपर्यंत केलेली सफाई) सुचवले आहे आणि त्याचा परिणाम दहा-पंधरा वर्षे टिकेल का, असे आपण विचारले आहे. मी २०१२ पासून याच उपचारांवर आहे. परिणाम टिकतो, मात्र तो पहिल्या सफाईपेक्षा नंतरच्या नियमित भेटींवर अधिक अवलंबून असतो.

मुळांवरचे कीटण काढल्यावर सूज उतरते, हिरडी मुळाला पुन्हा घट्ट बिलगते आणि पॉकेटची, म्हणजे दात आणि हिरडी यांमधल्या पोकळीची, खोली कमी होते. पण सगळीकडे सारखी खाली गेलेली हाडाची पातळी त्यामुळे वर येत नाही. झीज अरुंद, उभ्या खड्ड्यासारखी असेल, तर तिथे काही प्रमाणात हाड भरून येऊ शकते. म्हणून दहा वर्षांनंतरच्या एक्स-रेत हाड होते तिथेच दिसले, तर ते यशच मानावे. सूज उतरल्यावर दातांमध्ये फटी दिसतात आणि थंड पाण्याने कळ येते, याची मला आधी कल्पना नव्हती. तेव्हा मी फार घाबरले होते.

हर्शफेल्ड आणि वॉसरमन या अमेरिकन दंतवैद्यांनी १९७८ मध्ये ६०० रुग्णांची सरासरी २२ वर्षांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतील काहींवर शस्त्रक्रियाही झाल्या होत्या. हिरड्यांच्या आजारामुळे एकूण सुमारे ७ टक्के दात गेले, आणि ८३ टक्के रुग्णांनी तीन किंवा त्याहून कमी दात गमावले. सुमारे ४ टक्के रुग्णांचे मात्र उपचार चालू असूनही दहा किंवा त्याहून अधिक दात गेले. मुळे जिथे एकमेकांपासून वेगळी होतात त्या फाट्यापर्यंत झीज पोहोचलेल्या दाढांचे भवितव्य इतर दातांपेक्षा बरेच वाईट ठरले.

माझाही एकच दात गेला, आणि तो अशीच वरची दाढ होती. आईच्या आजारपणात मी दीड वर्ष तपासणीला गेले नाही. हिरड्यांतून पुन्हा रक्त येऊ लागले आणि त्या दाढेचे पॉकेट खोल गेले. जंतू पॉकेटमध्ये काही आठवड्यांतच पुन्हा वस्ती करू लागतात, म्हणून सुरुवातीला दर तीन महिन्यांनी सफाई करून घ्यावी लागते. रोज इंटरडेंटल ब्रश (दातांच्या फटींत घालायचा बारीक ब्रश) वापरणे तितकेच आवश्यक आहे. आपण तंबाखू किंवा मशेरी वापरत असाल, अथवा मधुमेह आटोक्यात नसेल, तर हाच उपचार निश्चितपणे कमी गुण देतो.

सफाईनंतर साधारण तीन महिन्यांनी पॉकेटच्या खोलीची पुन्हा मापे घेतली जातात. तेव्हाही ६ मिलिमीटर किंवा त्याहून खोल पॉकेट उरले, तर तेवढ्या जागेपुरती शस्त्रक्रिया सुचवली जाऊ शकते; ती केवळ भीतीपोटी नाकारू नका. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी घेतलेल्या मापांचा तक्ता पहिल्याच भेटीत मागून घ्या आणि जपून ठेवा, कारण पुढच्या प्रत्येक भेटीत तुलना त्याच्याशीच करायची असते.