तुवालू या पॅसिफिक महासागरातल्या बेटदेशाच्या चांदीच्या नाण्यावर ‘१ डॉलर’ लिहिलंय, ते खरं चलन आहे का?

कायद्याने हो, व्यवहारात नाही. तुवालूत रोजचा व्यवहार ऑस्ट्रेलियन डॉलरमध्येच चालतो. ही नाणी पर्थ मिंट ही ऑस्ट्रेलियातली टांकसाळ संग्राहकांसाठी पाडते. एक ट्रॉय औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम चांदीपुढे एक डॉलर म्हणजे चिल्लर! म्हणून दर्शनी मूल्य विसरा, चांदीचा भाव बघा.

घेण्याआधी तपासा. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा, नाणं दोऱ्याने तळाला न टेकवता पूर्ण बुडवा. शुद्ध चांदी असेल तर साधारण २.९६ ग्रॅम दिसतील; तांबं किंवा पितळ असेल तर जास्त. रंगीत छपाईच्या नाण्यावर मात्र हा प्रयोग नको. पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, हिरवट चिकट थर चढतो. पुसू तर अजिबात नका, ओरखड्यांनी किंमत पडते.