शहर वाढलं की तलाव का मरतात? गाळ काढला की तो पूर्वीसारखा होतो ना?

प्रश्नातला दुसरा भाग वाचला आणि राहवलं नाही. "गाळ काढला की झालं" हेच वाक्य माझ्या थोरल्या भावाने मला बारा वर्षांपूर्वी ऐकवलं होतं. तेव्हा मी गप्प बसलो, ते अजून सलतं.

आमच्या घरामागे एक उथळ तळं होतं. एका अंगाने ओढा येऊन मिळायचा आणि त्या तोंडाशी दोन-तीन एकर दलदल होती. पाणकणीस आणि लव्हाळा माणूसभर उंच, पाय टाकला की पोटरीपर्यंत रुतायचा. पावसात ओढा लालभडक यायचा. त्या गवतात शिरला की त्याचा वेग मोडायचा, माती तिथेच बसायची आणि पलीकडे पाणी निवळून उतरायचं. लहानपणी दोन्हीकडचं पाणी ओंजळीत घेऊन मी ताडून पाहिलंय.

मग ओढ्याच्या वरच्या अंगाला इमारती उठल्या. तळ्याचं सुशोभीकरण करायचं ठरलं आणि दादा त्या समितीत होता. "दलदल म्हणजे डास आणि साप," हे त्याचं ठाम मत. यंत्रं लावून सगळं पाणकणीस उपटलं, गाळ उपसला, काठ दगडांनी बांधून काढला, कडेने फरसबंदी, दिवे, बाकं. मी विचारलं, दादा, वरच्या वसाहतींची गटारं ओढ्यात सोडलीयेत, त्यांचं काय? तो म्हणाला, "पाणी खोल झालं की आपोआप स्वच्छ राहतं." पहिली दोन वर्षं तळं खरंच देखणं दिसलं.

तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी रंग कालवल्यासारखं हिरवं झालं. दोन दिवस आभाळ भरलेलं होतं, वारा नव्हता. पहाटे गेलो तर शेकडो मासे पाण्याबाहेर तोंड काढून आ वासत होते. उजाडेपर्यंत दगडी काठाला पांढऱ्या पोटांची ओळ लागली. कुणीतरी विष कालवलं, अशी बोंब उठली. विष कुणीच घातलं नव्हतं. शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं, पण रात्री तेच ऑक्सिजन ओढून घेतं आणि मेलेलं शेवाळ कुजतानाही तो संपतो. म्हणून पाण्यातला ऑक्सिजन पहाटे सगळ्यात कमी असतो. ऊन पडलं नाही की दिवसा भर पडत नाही आणि मासे गुदमरतात.

शेवाळाला एवढं खाद्य मिळालं कुठून? सांडपाण्यातून, मुख्यतः त्यातल्या फॉस्फरसमधून. कॅनडात १९७३ मध्ये एका सरोवराच्या मधोमध पडदा लावून प्रयोग झाला. दोन्ही बाजूंना कार्बन आणि नायट्रोजन घातला, फॉस्फरस मात्र एकाच बाजूला. तेवढीच बाजू हिरवी झाली. विमानातून काढलेला तो फोटो मी दादाला दाखवला होता. "ते परदेशातलं," म्हणाला. फॉस्फरस इथे काय वेगळा वागतो?

शहर वाढण्याचा दुसरा फटका डांबर आणि काँक्रीटचा. जमिनीत मुरणारा पाऊस छपरांवरून, रस्त्यांवरून तेल-धूळ घेऊन तासाभरात तळ्यात धडकतो. म्हणजे पावसात पूर, आणि पुढे जमिनीतून हळूहळू पाझरून येणारं पाणी बंद. काठावर एकही इमारत नसली तरी तलाव असा मरू शकतो. तो मारला जातो वरून, पाणलोटात. काठ बांधणाऱ्यांना हे ऐकायचंच नसतं.

आता गाळाचं. गाळात वर्षानुवर्षांचा फॉस्फरस साठलेला असतो आणि तळाशी ऑक्सिजन संपला की तो पुन्हा पाण्यात सुटतो. म्हणून गाळ काढणं चूक नाही, पण आधी गटार वळवावं लागतं. स्वीडनमधल्या ट्रुमेन तळ्यात शहराचं सांडपाणी १९५० च्या दशकाच्या अखेरीस थांबवलं, तरी तळं सुधारलं नाही. १९७० आणि १९७१ मध्ये तळाचा सुमारे मीटरभर गाळ उपसला, तेव्हा पाणी पालटलं. आमच्याकडे गाळ आधी काढला आणि गटारं तशीच ठेवली. पैसा अक्षरशः पाण्यात गेला.

एक मात्र सांगायला हवं. गाळाचं हे सगळं उथळ तळ्याबद्दल. सिएटलचं वॉशिंग्टन सरोवर खोल आहे. तिथे १९६३ ते १९६८ दरम्यान सांडपाणी बाहेर वळवलं आणि गाळाला हात न लावता पाणी काही वर्षांत स्वच्छ झालं. आणि दादाचं डासांबद्दलचं म्हणणं सगळंच खोटं नव्हतं. साचलेल्या, कुजक्या पाण्यात डास होतातच. पण डासांच्या अळ्या खाणारे मासे त्या पहाटे मेले आणि डास त्यानंतर वाढले, हेही त्याने मान्य करावं.

तुमच्या तलावाचं काय चाललंय ते पाहायचं असेल तर काठावर फिरू नका. भर उन्हाळ्यात ओढ्याच्या तोंडाशी जा. जो ओढा पूर्वी कोरडा पडायचा तो तेव्हा वाहत असेल, तर ते बहुतेक सांडपाणीच आहे. मी दादाला असंच नेलं होतं. राखाडी पाणी, वर साबणाचा फेस, दगडांना बुळबुळीत काळा थर. बराच वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, "बघ, तळ्याला उन्हाळ्यातही पाणी मिळतंय."