रात्रभर भुतं, पहाटे कुंदा

प्रश्न: काका, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहा मित्र माळ्यावर रात्रभर भुताचे सिनेमे बघणार आहोत. मागच्या खेपेला तीनलाच सगळे घोरत पडले. काय करू? – एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर: घोरणारच! जेवणात भात-आमटी आणि वर आपला दुधाचा गोड कुंदा असणार. कुंदा पहाटेला ठेव. रात्री चिरमुरे, शेंगदाणे, कांदा. तोंड कुरकुरत राहिलं की डोळा लागत नाही.

सिनेमे तीनच पुरे. दहाला ‘तुंबाड’ (2018), डोकं ताजं असताना. त्यातला पाऊस आणि अंधार नीट बघावा लागतो. बाराला ‘लपाछपी’ (2017). उसाच्या रानातलं घर! तुमच्यात कुणी चिकोडीकडचा असेल तर महिनाभर रात्रीचं उसाला पाणी पाजायला जायचा नाही. दोननंतर मात्र गंभीर काही नको. रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ (1984) लाव. त्यातला सैतान सामरी आला की शिट्ट्या मारा, झोप पळते.

लहानपणी खानापूरला मामाकडे आम्ही भाड्याचा व्हीसीआर आणला होता. ऐन वेळी लाईट गेली. दारात कंदील, त्यामागे मोकळे केस आणि पांढरं पातळ. आम्ही असे किंचाळलो की गल्ली उठली. मामी फक्त विचारायला आली होती, ‘चहा ठेवू काय रे?’ सिनेमाचं नाव आज आठवत नाही, कंदील आठवतो.

तेव्हा इन्व्हर्टर संध्याकाळीच बघून ठेव. आणि खाली आजी झोपत असेल तर तिला आधी सांग.