बाकावरून उठलेल्याला आणि मागून धक्का देणाऱ्याला एकच माप?

तू दोन गोष्टी एकत्र विचारल्यास. तुमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल सामन्यात मारामारी झाली, तुझा चुलतभाऊ राखीव खेळाडूंच्या बाकावरून उठून सोडवायला धावला आणि त्याच्यावर पुढच्या दोन सामन्यांची बंदी आली. ज्याने ढकलाढकली सुरू केली तो मात्र दुसऱ्या दिवशी खेळला. ही एक गोष्ट. दुसरी म्हणजे, एनबीएत, अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्येही, असंच चालतं का आणि ते न्याय्य आहे का. आधी एनबीएचं बोलतो, तुमच्या देवगडच्या सामन्यावर नंतर येतो.

माझं मत असं आहे. एनबीएतल्या ज्या मोठ्या शिक्षांवर सगळ्यात जास्त आरडाओरडा होतो, त्या बहुतेक बरोबर आहेत. अन्याय होतो तो एका सामन्याच्या छोट्या बंदीत, आणि तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही.

बाकावरून उठायचं नाही, या नियमामागची भीती काय ते आधी समजून घे. ९ डिसेंबर १९७७ ला लॉस एंजेलिसमध्ये लेकर्स आणि रॉकेट्स या संघांचा सामना चालू होता. लेकर्सचा कर्मिट वॉशिंग्टन आणि रॉकेट्सचा केव्हिन कुनर्ट यांची जुंपली. रॉकेट्सचा रूडी टॉमजानोविच ती सोडवायला कोर्टाच्या दुसऱ्या बाजूने धावत आला. वॉशिंग्टनला एवढंच दिसलं की समोरच्या संघाचा कुणीतरी आपल्या अंगावर येतोय. तो वळला आणि पूर्ण ताकदीने ठोसा मारला. टॉमजानोविचचा चेहरा फुटला, कवटीला तडा गेला, मेंदूभोवतीचं पाणी गळायला लागलं. तो त्या सीझनमध्ये पुन्हा खेळला नाही. वॉशिंग्टनला साठ दिवसांचं निलंबन झालं, त्यात २६ सामने गेले, आणि १० हजार डॉलर दंड. यानंतर लीगने मारामारीकडे गंभीरपणे बघायला सुरुवात केली. कोर्टावर तिसरा पंच आणण्याचा प्रयोग पुढच्याच सीझनला झाला, तो कायमचा व्हायला मात्र १९८८ उजाडलं.

टॉमजानोविच भांडायला गेला नव्हता, सोडवायला गेला होता, हे नीट लक्षात ठेव. तुझ्या चुलतभावाच्या बाजूने तू जे म्हणतोस तेच त्याच्या बाबतीतही खरं होतं, आणि सगळ्यात जास्त मार त्यालाच बसला.

मी रत्नागिरी जिल्ह्यात शालेय आणि कॉलेजच्या सामन्यांना बरीच वर्षं पंच म्हणून उभा राहिलोय. आपल्याकडची कोर्टं कशी असतात तुला माहीत आहे. सिमेंटचं कोर्ट, पावसाळाभर त्यावर शेवाळ, म्हणून सामने सगळे पाऊस संपल्यावर. एका बाजूला जांभ्याचा गडगा आणि त्याला लागूनच दोन्ही संघांचे बाक. रेषा आणि बाक यांच्यात हातभर अंतर. बास्केटखाली दोघांची कोपरं लागली, एकाने दुसऱ्याच्या छातीवर हात ठेवून ढकललं, की पंच शिट्टी फुंकत त्या दोघांच्या मध्ये शिरतो. त्या क्षणी त्याची पाठ बाकाकडे असते. मागून सिमेंटवर बुटांचा आवाज येतो. तो आवाज सोडवणाऱ्याचा की मारणाऱ्याचा, हे पाठीला कळत नाही. ज्या दोघांची जुंपलेली असते त्यांना तर त्याहून कळत नाही. अंगावर येणारा प्रत्येक जण त्यांना शत्रूच वाटतो. दोघांचं भांडण पंच आवरू शकतो. बाक रिकामे झाले की ते कुणाच्याच हातात राहत नाही. म्हणून बाकावरून उठायचं नाही हा नियम मला मुळात शंभर टक्के पटतो.

एनबीएचा आजचा नियम सांगतो की मारामारी चालू असताना बाकाजवळची जागा सोडली तर किमान एका सामन्याचं निलंबन, शिवाय ५० हजार डॉलरपर्यंत दंड. हेतू काय होता हे विचारायचं नाही. तू कुणाला हात लावलास का, हेही विचारायचं नाही.

आता याचं प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या सात सामन्यांपर्यंत चालणाऱ्या बाद मालिकांत, काय होतं ते बघ. १९९७ ला निक्स आणि मायामी हीट यांच्या मालिकेत निक्स ३-१ ने पुढे होते. पाचव्या सामन्यात मायामीच्या पी. जे. ब्राऊनने निक्सच्या चार्ली वॉर्डला उचलून फेकलं आणि झटापट झाली. निक्सचा पॅट्रिक यूइंग बाकापासून काही पावलं पुढे आला, तेवढंच. निक्सचे पाच खेळाडू निलंबित झाले. संघाला उभं राहायला पुरेसे खेळाडू उरावेत म्हणून ती शिक्षा सहाव्या आणि सातव्या सामन्यांत वाटून द्यावी लागली. निक्स दोन्ही सामने हरले आणि मालिकाही गेली.

२००७ चं प्रकरण मला त्याहून जास्त खुपतं. सॅन अँटोनियो स्पर्स विरुद्ध फिनिक्स सन्स, चौथा सामना, शेवटची काही सेकंदं उरलेली, सन्स जिंकत आलेले. स्पर्सच्या रॉबर्ट हॉरीने सन्सच्या स्टीव्ह नॅशला कंबरेने असा धक्का दिला की तो थेट स्कोअररच्या टेबलावर जाऊन आदळला. सन्सच्या बाकावरून अमारे स्टूडमायर आणि बोरिस डिऑ काही पावलं पुढे आले. प्रशिक्षकांनी त्यांना मागे ओढलं, त्यांनी कुणालाही स्पर्श केला नाही. मालिका २-२ अशी बरोबरीत होती. हॉरीला दोन सामने, या दोघांना एकेक. पाचवा सामना सन्स घरच्या कोर्टावर ८८-८५ असा तीन गुणांनी हरले आणि पुढे मालिका ४-२ ने गेली. त्याच चौथ्या सामन्यात आधी स्पर्सचे टिम डंकन आणि ब्रूस बोवेनही बाक सोडून कोर्टावर आले होते. पण तेव्हा मारामारी झालीच नव्हती, असं ठरल्याने त्यांना काही झालं नाही. नियमाचं पुस्तक उघडलं तर लीगचं म्हणणं चुकीचं नाही. तरी निकाल असा लागला की धक्का मारणाऱ्याच्या संघाचा फायदा झाला आणि ज्याला धक्का बसला त्याच्या संघाचं कंबरडं मोडलं.

याच्या शेजारी ८ नोव्हेंबर २०२१ ची रात्र ठेव. आपल्याकडे तेव्हा ९ तारखेची सकाळ होती. मायामीच्या मार्किफ मॉरिसने डेन्व्हरच्या निकोला योकिचला जोराचा फाऊल केला आणि पाठ फिरवून निघाला. योकिचने मागून पळत येऊन खांद्याने त्याच्या पाठीत धडक दिली. मॉरिसची मान दुखावली, तो चार महिने खेळू शकला नाही. योकिचला शिक्षा एक सामना, तीही लीगच्या साखळी फेरीत, जिथे ८२ पैकी एक सामना गेला तर संघाला फार काही बिघडत नाही.

स्टूडमायरला एक, योकिचलाही एक. एकाने कुणाला बोट लावलं नाही, दुसऱ्याने पाठमोऱ्या माणसाला चार महिने घरी बसवलं. योकिच माझा अत्यंत आवडता खेळाडू आहे, त्याच्यासारखा पास देणारा सेंटर मी पाहिला नाही, तरीही हेच म्हणेन की त्याला पाच सामने तरी मिळायला हवे होते. समोरून झालेली झटापट आणि पाठीत दिलेला धक्का यांत माझ्या लेखी मोठा फरक आहे. समोरच्याला निदान हात वर करता येतो.

मोठ्या शिक्षांकडे येऊ. १९ नोव्हेंबर २००४, डेट्रॉइटजवळचं ऑबर्न हिल्स. पेसर्स आणि पिस्टन्स या संघांची झटापट जवळजवळ मिटली होती. पेसर्सचा रॉन आर्टेस्ट स्कोअररच्या टेबलावर आडवा झाला होता. प्रेक्षकांतून पेयाचा कप येऊन त्याच्या अंगावर पडला, तो उठला आणि थेट प्रेक्षकांत घुसला, आणि धरलं ते भलत्याच माणसाला. आर्टेस्टचा उरलेला सगळा सीझन गेला, साखळीचे ७३ सामने आणि वर प्लेऑफचे. त्याच्याच संघातल्या स्टीफन जॅक्सनला ३०, जर्मेन ओनीलला २५. ओनीलची शिक्षा पुढे लवादाने १५ वर आणली, बाकीच्यांची तशीच ठेवली. बरेच जण आजही म्हणतात की आर्टेस्टवर अन्याय झाला, सुरुवात प्रेक्षकाने केली होती. मला हे अजिबात पटत नाही. आपल्याकडे रात्रीच्या कबड्डीला माणसं रेषेला गुडघे लावून बसतात, पहिल्या रांगेत लहान पोरं असतात. तिथे एक तगडा खेळाडू रागाने आत घुसला तर काय होईल, हे ज्याने असं मैदान पाहिलंय त्याला सांगावं लागत नाही. कप फेकणाऱ्याला तुरुंगवास झाला, तेही योग्यच. पण खेळाडूने ती रेषा ओलांडली की शिक्षा मोठीच हवी.

गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या ड्रेमंड ग्रीनच्या बाबतीतही तू 'एकाच माणसाला किती छळायचं' असं लिहिलंयस. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याने रुडी गोबेरचा गळा काखेत धरून त्याला ओढत नेलं, पाच सामने. महिन्याभरात युसुफ नुर्किचच्या तोंडावर फटका, तेव्हा बेमुदत निलंबन, जे शेवटी १२ सामन्यांचं ठरलं. जुनं रेकॉर्ड बघून शिक्षा वाढवली, यात मला गैर काही वाटत नाही. 'बेमुदत' हा प्रकार मात्र मला नको वाटतो. शिक्षा किती ते पहिल्या दिवशी सांगता आलं पाहिजे, नाहीतर लोक काय बोलतात ते बघून आकडा ठरवला, असा संशय राहतोच. आणि याच ग्रीनने २०२२ मध्ये सरावात स्वतःच्या संघातल्या जॉर्डन पूलला ठोसा मारला तेव्हा संघाने दंड केला, पण सीझनचा एकही सामना चुकला नाही. लागायला तो ठोसा काही कमी लागला नसेल.

पैशाचं थोडक्यात. छोट्या निलंबनात प्रत्येक सामन्यामागे पगाराचा १४५ वा हिस्सा कापतात. २०२१ मध्ये एकमेकांशी झालेल्या झटापटीनंतर लेब्रॉन जेम्सचा एका सामन्याला सुमारे २ लाख ८४ हजार डॉलर पगार गेला, आयझेया स्ट्युअर्टचा दोन सामन्यांना सुमारे ४५ हजार. हे प्रमाणात आहे, माझी तक्रार नाही.

बदल मी एकच सुचवेन. बाक सोडल्याची शिक्षा राहू द्या, पण ज्याने कुणाला हात लावला नाही त्याची बंदी प्लेऑफमध्ये न लावता पुढच्या सीझनच्या पहिल्या सामन्याला लावा, आणि दंड भरपूर घ्या. १९७७ ला कोण कुठे धावला हे शोधणं कठीण होतं. आज दहा कॅमेरे असतात, कोण किती पावलं आला ते मोजता येतं. धाक तितकाच राहील आणि मालिकेचा निकाल कोर्टावर लागेल.

आता तुझ्या चुलतभावाचं. आपल्याकडचे सामने फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांनी होतात. त्यात मारामारीच्या वेळी बाकावरचा खेळाडू कोर्टावर आला तर त्याला त्या सामन्यातून बाहेर काढायचंच असतं. फक्त प्रशिक्षक आणि त्याचा सहायक पंचांना मदत करायला येऊ शकतात. म्हणजे त्याला बाहेर काढलं ते बरोबर होतं, त्यावर वाद घालू नका, हराल. पण पुढच्या दोन सामन्यांची बंदी हा पंचाचा निर्णय नसतो. मुख्य पंच अहवाल देतो आणि आयोजक समिती ठरवते. तेव्हा क्रीडाशिक्षकांच्या सहीने समितीला साधा अर्ज द्या आणि दोनच गोष्टी विचारा. पंचांच्या अहवालात त्याने कुणाला मारल्याचं लिहिलंय का? आणि ज्याने सुरुवात केली त्याला अपात्र ठरवल्याची नोंद आहे का? ती नोंद असेल तर तो दुसऱ्या दिवशी कसा खेळला, याचं उत्तर समितीला द्यावं लागेल. नोंदच नसेल तर चूक अहवालात आहे. तसं असेल तर सामन्याचा मोबाईलवर काढलेला व्हिडिओ अर्जासोबत जोडा. अर्ज पुढच्या सामन्याच्या आधी पोहोचला पाहिजे, नंतर दिलात तर बंदीचा एक सामना गेलेला असेल. मसुदा इथे टाक, मी बघून देतो.