मोरचूद विरघळते, मग गंधक का नाही?

प्रश्न : आमच्या द्राक्षबागेत आम्ही डाऊनी (केवडा) रोगासाठी मोरचूद-चुन्याची आणि भुरी रोगासाठी गंधकाची फवारणी करतो. मोरचुदातही गंधक असते, असे मुलीच्या पुस्तकात वाचले. मग मोरचूद पाण्यात सहज विरघळते आणि नुसते गंधक कितीही ढवळले तरी तळाशी बसते, असे का?
– एक द्राक्ष बागायतदार, निफाड (जि. नाशिक)

उत्तर : मोरचूद म्हणजे स्फटिकजल असलेले कॉपर सल्फेट. त्यात गंधकाचा अणू ऑक्सिजनच्या चार अणूंशी जोडलेला असतो; या गटावर ऋण प्रभार आणि तांब्याच्या अणूवर धन प्रभार असतो; अशा प्रभारित कणांना आयन म्हणतात. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित धन व दुसरी किंचित ऋण असल्याने ते रेणू या आयनांभोवती गोळा होऊन त्यांना स्फटिकातून सुटे करतात.

नुसत्या गंधकात आठ-आठ अणूंची प्रभारहीन कडी असतात. पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात. ती पकड सोडून या कड्यांना सामावून घेण्यासारखे त्यांना काही मिळत नाही. कार्बन डायसल्फाइडमध्ये मात्र हेच गंधक विरघळते. बाजारातील वेटेबल गंधकाची भुकटीसुद्धा विरघळत नाही, केवळ ओली होऊन पाण्यात पसरते. म्हणूनच फवारणीची टाकी ढवळत ठेवावी लागते.

सहसंयुज बंध (अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेतल्याने झालेले बंध) कमजोर असल्यामुळे गंधक सुमारे ११५ अंश सेल्सिअसलाच वितळते, असे उत्तरपत्रिकांत हमखास लिहिले जाते. ते चूक आहे. वितळताना कडी तुटत नाहीत, कड्याकड्यांमधले क्षीण आकर्षण तेवढे सैल होते. गारगोटी आणि कार्बन डायऑक्साइड या दोन्हींत बंध सहसंयुजच आहेत. तरीही गारगोटी वितळायला १७०० अंशांच्या आसपास तापमान लागते, कारण तिच्यात स्वतंत्र रेणू नसून सलग जाळे असते आणि वितळवताना प्रत्यक्ष बंधच तोडावे लागतात. उलट गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडचे रेणू उणे ७८ अंशांनाच एकमेकांपासून सुटून वायुरूप होतात, रेणूच्या आतले बंध मात्र शाबूत राहतात. म्हणून बंध किती बळकट आहे हे विचारण्याआधी, नेमके काय सुटे होत आहे, हे पाहावे.

आयनिक पदार्थ सारेच विरघळतात, असेही नाही. आयनांची आपसातील ओढ पाण्याच्या ओढीपेक्षा भारी पडली, तर ते तसेच राहतात. मोरचुदाच्या द्रावणात चुन्याची निवळी नव्हे, तर दाट कालवलेला चुना मिसळल्यावर बोर्डो मिश्रणात जो निळसर साका दिसतो, तो तांब्याच्या अशाच जवळजवळ अविद्राव्य संयुगांचा असतो, आणि त्यामुळेच तो पावसात सहजासहजी धुऊन न जाता पानांवर टिकतो.