चष्मा, दातांना तारा आणि विश्वाशी झुंज

प्रश्न : माझी ११ वर्षांची नात विचारते, विश्व वाचवायला दरवेळी महाबलीच कशाला लागतो? साध्यासुध्या माणसांची अशी गोष्ट नाही का?
– एक आजी, सातारा

उत्तर : आहे की आजी! मॅडलिन लेंगल यांची ‘अ रिंकल इन टाइम’ (१९६२) तिच्या हाती द्या. नायिका मेगला चष्मा, दातांना तारा, आणि गणित सोडलं तर शाळेत आनंदीआनंद. वादळी रात्री धाकटा भाऊ स्वयंपाकघरात दूध तापवतोय, आणि तिथूनच सुरू होते गोष्ट : दोघं, सोबतीला मित्र कॅल्विन, निघतात हरवलेल्या शास्त्रज्ञ बापाच्या शोधात. जायचं कसं? अवकाशाला घडी घालून! नातीला ओढणीवर दाखवा : एका टोकाला मुंगी, दोन्ही टोकं जुळवली की पोचलीच पलीकडे.

खलनायक म्हणजे नुसता एक मेंदू. त्याच्या ग्रहावर झाडून सगळी पोरं एकाच तालात खेळतात, कुणी चेंडू आपटतं, कुणी दोरीवरच्या उड्या मारतं. एकाच्या हातून चेंडू सुटतो, आणि त्याच्या आईची जी गाळण उडते ना! तलवारी-तोफांपेक्षा मला त्याच पानावर धडकी भरली होती.

मेग जिंकते कशानं, ते मात्र मी फोडणार नाही.