मासे धरायला जाताय, पण हात-पाय कुठे ठेवता?

प्रश्न : दादा, आम्ही तिघं मित्र हडपसरचे. शनिवारी रात्री आंबेगाव तालुक्यात मामाच्या शेताजवळ घोड नदीवर गळ टाकून बसतो, आजूबाजूला सगळा ऊस. बायको म्हणते एक दिवस बिबट्या उचलून नेईल. एक मित्र म्हणतो छऱ्याची बंदूक आणतो, सेफ्टी पण होईल आणि जमलं तर एखादा ससा पण. काय करू?

उत्तर : बंदूक घरीच ठेवायला सांगा त्याला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ससा, तितर सगळं येतं, आणि मारलंच पाहिजे असं नाही, नुसता फासा लावला किंवा प्रयत्न केला तरी ती शिकारच धरतात. शिवाय छऱ्याने बिबट्या मरत नाही, चिडतो.

आता बायकोचं. वहिनी चुकीचं बोलत नाहीत हो, जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात बिबट्या उसातच राहतो, तिथेच पिल्लं घालतो. पण गडबड तुमच्या बसण्यात आहे. गळाकडे बघत उकिडवं बसलेला माणूस त्याला माणूस वाटत नाही, बुटकं जनावर वाटतं, त्यात उसाकडे पाठ! खुर्ची न्या, पाठ मोकळ्या जागेकडे ठेवा, तिघं जवळ बसा, आणि लघवीला उसात एकट्याने जायचं नाही म्हणजे नाही. मासा साफ करून आतडी तिथेच टाकता ना? त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे तो येतो. दिसलाच तर पळू नका, उभे राहा, मोठ्याने ओरडा, तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरका आणि वनखात्याच्या १९२६ ला फोन करा.

पण खरं सांगू, मला तुमची काळजी बिबट्यापेक्षा सापाची जास्त वाटते. पाण्यात सळसळत येते ती बहुतेक दिवड, चावकी असते पण विष नाही, तिला मारू नका. घोणस मात्र बांधावर, पाचटात पडून असते, कुकरची शिट्टी सुटल्यासारखा फुत्कार टाकते, आणि आपण मोबाईलच्या उजेडात चपला घालून फिरतो. गमबूट घाला, बॅटरी पायापुढे मारत चाला, दगडाखाली गांडुळं शोधताना हात घालू नका, काडीने उलथा. रात्री जमिनीवर चटई टाकून झोपायची हौस असेल तर ती सोडा, मण्यार अंथरुणात येते आणि तिचा दंश कित्येकदा दुखत पण नाही, नुसतं पोटात दुखतं, पापण्या जड होतात आणि माणसाला वाटतं जागरणाने झालं.

चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिक तर नाहीच. हात किंवा पाय हलवू न देता १०८ लावा, नाहीतर सरळ गाडीत घाला. साप पकडून न्यायची पण गरज नाही, नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांना लस एकच आहे.

अजून एक, शिंगी लागली तर गळातून काढताना फडकं वापरा, तिच्या बाजूच्या काट्यात विष असतं, ठणका असा की मोठा माणूस रडतो (मी रडलोय). सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला की उतरतो, म्हणून थर्मासमध्ये नुसता चहाच नेऊ नका.

आणि या शनिवारी निघायच्या आधी मामांना एवढं विचारून ठेवा की सापाची लस रात्री दोन वाजता जवळपास नक्की कुठल्या दवाखान्यात मिळते.